ड्रमर गेला, बँडचं काय?

सेंट लुईस हे अमेरिकेतलं मिसिसिपी नदीकाठचं शहर. २६ सप्टेंबर २०२१ च्या रात्री तिथल्या स्टेडियममध्ये ‘रोलिंग स्टोन्स’चा कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली. दिवे मालवले गेले. रंगमंच रिकामा. गायक नाही, गिटारवाले नाहीत. नुसता ड्रमचा ठेका ऐकू येऊ लागला आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर एका शांत चेहऱ्याच्या, नीटनेटक्या माणसाची छायाचित्रं सरकू लागली. काही तारुण्यातली, काही म्हातारपणातली. हा माणूस महिन्यापूर्वी, २४ ऑगस्टला लंडनमध्ये वारला होता. नाव चार्ली वॉट्स, वय ८०. जानेवारी १९६३ पासून म्हणजे ५८ वर्षं तो या बँडचा ड्रमर होता.

चित्रं संपली, दिवे लागले आणि कार्यक्रम नेहमीसारखा सुरू झाला. ड्रमसमोर दुसरा माणूस बसला होता.

स्टोन्सच्या चाहत्यांत तेव्हापासून एक वाद सुरू झाला. चार्लीशिवायचे स्टोन्स हे स्टोन्स म्हणायचे का? काहींनी तिकिटं काढली नाहीत. काहींनी काढली, नाचले, आणि घरी जाऊन म्हणाले, ‘मजा आली, पण...’ त्या ‘पण’चीच ही गोष्ट.

बँड म्हटलं की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या वरातीतला बँड येतो. तिथे ढोलवाला आजारी पडला, तर मालक शेजारच्या गल्लीतून दुसरा उचलून आणतो. वरात निघते, नवरदेव घोड्यावर बसतो, कुणाला पत्ता लागत नाही. शास्त्रीय संगीताच्या मैफलीतही तबल्यावर आज एक, उद्या दुसरा. गायक पुण्यात एकाला साथीला घेतो, धारवाडला दुसऱ्याला. मैफल रंगते. मग या गोऱ्यांनाच एका ड्रमरचं एवढं काय?

फरक आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे तीनतालाचा ठेका सर्वांच्या मालकीचा. सोळा मात्रा, चार विभाग, सम कुठे, काल कुठे, हे गायकालाही ठाऊक आणि तबलजीलाही. दोघं आयुष्यात पहिल्यांदा भेटले असले तरी समेवर एकत्र येणार, कारण तालाचा नकाशा आधीपासून दोघांच्या डोक्यात असतो. रॉक संगीतात असा नकाशा नाही. ढोबळ चार मात्रा सोडल्या, तर गाण्याचा ठेका त्या गाण्यापुरता, त्या चारपाच पोरांनी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये बसून जुळवलेला असतो. पायानं वाजवायचा मोठा ढोल कुठे ठोकायचा, डाव्या हाताची स्नेअरवरची थाप किती उशिरा टाकायची, झांज कुठे उघडी ठेवायची, हे सारं ड्रमर ठरवतो. म्हणजे तो गाण्याला साथ करत नसतो, गाणं रचत असतो. त्याचं नाव मात्र रेकॉर्डवर गीतकार-संगीतकाराच्या जागी सहसा छापलं जात नाही.

म्हणूनच ड्रमर गेल्यावर काय होतं, याचं एकच एक उत्तर नाही. त्या बँडची लय मुळात कुणाच्या हातात होती, त्यावर ते अवलंबून असतं. दोन टोकाची उदाहरणं घेऊ. दोन्ही इंग्लंडची, दोन्ही अफाट गाजलेली.

पहिलं ‘लेड झेपेलिन’चं. चौघांचा बँड, १९६८ साली निघालेला. गिटारवर जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लँट, बास गिटार आणि कीबोर्डवर जॉन पॉल जोन्स आणि ड्रमवर जॉन बॉनम. बॉनम रेडिच गावचा. बाप बांधकामाच्या धंद्यात. पोरगाही शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर सुतारकामाला जायचा. पाच वर्षांचा असताना डबे बडवायचा. दहाव्या वर्षी आईनं त्याला स्नेअर ड्रम घेऊन दिला. पुढे त्याच्या थापेला जे वजन आलं, ते आजवर फार थोड्यांना जमलंय.

या बँडचं ‘काश्मीर’ नावाचं गाणं आहे, १९७५ सालचं. (काश्मीरशी त्याचा काही संबंध नाही. शब्द लिहिणाऱ्या प्लँटला ते मोरोक्कोच्या वाळवंटातून जाताना सुचले.) या गाण्यात गिटारची आवर्तनं तीन-तीन मात्रांची आहेत आणि खाली ड्रम मात्र चार-चारचा ठेका धरून बसलाय. दोघं आपापल्या वाटेनं जातात आणि बाराव्या मात्रेनंतर पुन्हा एकत्र येतात. आपल्या कानांना हा हिशेब नवा नाही. पण तिथे तो कुठल्या शास्त्रात लिहिलेला नव्हता. १९७३ साली एका जुन्या घरात पेज आणि बॉनम असे दोघेच बसले असताना तो जुळला. या गाण्याच्या रचनाकारांत बॉनमचं नाव आहे, ते उगाच नव्हे.

त्या घराचं नाव हेडली ग्रेंज. एके काळी तिथे निराधारांना ठेवत. या घरात, जिन्याच्या खाली बॉनमचे ड्रम मांडले आणि मायक्रोफोन वर जिन्यात टांगले. उंच छताखाली आवाज जो घुमला, तो ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यात टिपला गेला. १९७१ साली ही रेकॉर्ड निघाली. पुढे अमेरिकेतल्या रॅप गाणाऱ्यांनी त्या ठेक्याचा तुकडा जसाच्या तसा उचलून आपल्या गाण्यांखाली घातला. त्यांना नवा ड्रमर परवडत नव्हता असं थोडंच आहे! त्यांना तोच आवाज हवा होता.

आता यात मुंबईचा एक धागा आहे. १९७२ साली पेज आणि प्लँट मुंबईत आले होते. इथल्या स्टुडिओत त्यांनी आपल्या वादकांना बरोबर घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. बॉनम नव्हता, त्याच्या जागी तबला होता आणि तंतुवाद्यांचा ताफा होता. ‘फोर स्टिक्स’ या नावामागची कथा अशी, की मूळ गाण्यात बॉनमनं एकेका हातात दोन-दोन, अशा चार काठ्या घेऊन ड्रम वाजवले होते. गाण्याचं नाव ड्रमरच्या काठ्यांवरून पडलेलं, आणि मुंबईत ते त्याच्याशिवाय वाजत होतं! ही ध्वनिमुद्रणं तेव्हा बाजारात आलीच नाहीत. अधिकृतपणे ती लोकांच्या कानावर पडली २०१५ साली, ‘कोडा’ या रेकॉर्डच्या नव्या आवृत्तीबरोबर. ऐकायला मिळाली, तर जरूर ऐका. तबला सुरेख वाजलाय. गाणं मात्र वेगळंच झालंय. ते लेड झेपेलिनचं राहिलेलं नाही. माझ्या मते, बॉनम जिवंत असतानाच त्याच्याशिवायच्या बँडचा हा एक नमुना मुंबईत तयार झाला होता.

२४ सप्टेंबर १९८० रोजी बॉनम तालमीला निघाला. वाटेतच पिणं सुरू झालं आणि दिवसभर चालू राहिलं. चाळीसेक माप व्होडका पोटात गेली, असं चौकशीत निष्पन्न झालं. रात्री पेजच्या विंडसरच्या घरी त्याला झोपवलं. दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला तो मृतावस्थेत सापडला. उलटी श्वासनलिकेत अडकली होती. वय अवघं ३२. मागे बायको, चौदा वर्षांचा मुलगा जेसन आणि लहान मुलगी.

ऑक्टोबरपासून अमेरिकेचा दौरा ठरलेला होता. कोण कोण त्याच्या जागी येणार, याची नावं छापून यायला लागली. आणि ४ डिसेंबरला बँडनं एक छोटंसं निवेदन काढलं. त्यात भाषणबाजी नव्हती. मित्र गेला, त्याच्या कुटुंबाविषयी आम्हाला आदर आहे, आणि आम्हा सर्वांमधला जो एकोपा होता तो लक्षात घेता यापुढे आम्ही पूर्वीसारखं चालू राहू शकत नाही, असा त्याचा मतितार्थ. जगातल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या बँडपैकी एक, चार ओळींत बंद.

या निर्णयाचं कौतुक खूप झालं. त्यात भावनेचा भाग होताच. पण केवळ भावना म्हणून त्याकडे पाहणं मला पटत नाही. तो व्यवहाराचाही निर्णय होता. पेज ज्या पद्धतीनं गिटार वाजवायचा, ती पद्धत खाली बॉनम आहे या भरवशावर उभी होती. पुरावा हवा असेल, तर १३ जुलै १९८५ चा आहे. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी त्या दिवशी ‘लाइव्ह एड’ हा प्रचंड कार्यक्रम लंडन आणि फिलाडेल्फिया अशा दोन ठिकाणी झाला. फिलाडेल्फियात झेपेलिनचे तिघे एकत्र आले आणि ड्रमवर एक सोडून दोघं बसवले, टोनी थॉम्प्सन आणि फिल कॉलिन्स. कॉलिन्स म्हणजे नामांकित असामी. त्या दिवशी लंडनला गाऊन कॉन्कॉर्ड विमानानं अटलांटिक ओलांडून तो तिथे पोचला होता. तालीम जवळपास नाहीच. व्हायचं तेच झालं. कार्यक्रम इतका फसला, की पुढे ‘लाइव्ह एड’ची डीव्हीडी निघाली तेव्हा आमचा भाग त्यात घालू नका, असं झेपेलिनवाल्यांनी सांगितलं. दोन ड्रमर मिळून एकाची जागा भरून निघाली नाही.

दुसऱ्या टोकाला जाण्याआधी मध्ये ‘द हू’ला भेटायला हवं, कारण त्यांची गंमत न्यारी आहे. त्यांचा ड्रमर कीथ मून. हा बॉनमच्याच वयाचा होऊन, ३२ व्या वर्षी, ७ सप्टेंबर १९७८ ला गेला. दारू सोडण्यासाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यानं वारेमाप घेतल्या होत्या. मून ठेका धरतच नसे, असं म्हटलं तरी चालेल. गायकाच्या शब्दांमागे, गिटारच्या तुकड्यांमागे तो सगळे ड्रम घेऊन धावत सुटायचा. लय सांभाळायचं काम गिटारवरच्या पीट टाउनशेंडनं करायचं. उलटी गंगा! मून गेल्यावर त्यांनी केनी जोन्सला आणलं. अनुभवी, भरवशाचा, घड्याळासारखा चोख ड्रमर. आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. गायक रॉजर डाल्ट्रीची तक्रार सुरू झाली, की याचं वाजवणं आपल्या बँडला शोभत नाही. बिचाऱ्या जोन्सचा गुन्हा एवढाच, की तो ठेका नीट धरायचा! पूर्वी जिथे धांदल होती तिथे शिस्त आली आणि लोकांना ती धांदलच आवडायची. १९८१ आणि १९८२ साली त्यांच्या दोन रेकॉर्ड निघाल्या. मग बँड थांबला.

१९९६ पासून ‘द हू’च्या ड्रमवर झॅक स्टार्की बसू लागला. ‘बीटल्स’च्या रिंगो स्टारचा हा मुलगा. लहानपणी त्याला मूननं ड्रमसेट भेट दिला होता. मूनचा खोडकरपणा त्याच्या हातात होता आणि वर लयही पक्की होती. जवळजवळ तीन दशकं लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. तरीही एप्रिल २०२५ मध्ये त्याला काढल्याची बातमी आली, काही दिवसांत परत घेतल्याची आली आणि मे महिन्यात पुन्हा काढल्याची. एवढी वर्षं वाजवूनही त्याची खुर्ची पाहुण्याचीच होती.

ही खुर्चीची भानगड नीट समजून घेतल्याशिवाय रोलिंग स्टोन्सकडे वळता येत नाही.

चार्ली वॉट्स हा मुळात जाहिरात कंपनीत चित्रं काढणारा मुलगा. मनानं जाझवाला. रॉक बँडमध्ये तो आला आणि राहिला. पण त्या जगात फारसा मिसळला नाही. बाकीचे रंगीबेरंगी कपडे घालून धुमाकूळ घालत, तेव्हा हा लंडनच्या उंची शिंप्याकडून शिवलेले सूट घालायचा. दौऱ्यावर ज्या ज्या हॉटेलात झोपला, तिथल्या प्रत्येक पलंगाचं चित्र काढायचा. १९६७ पासून त्याचा हा नेम. ड्रमचा संचही छोटासा. इतरांचे ड्रम म्हणजे भांड्यांचं दुकान वाटावं. याच्यापुढे मोजके चार ढोल आणि काही झांजा. ७ एप्रिल २००३ ला मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर स्टोन्सचा कार्यक्रम झाला, तेव्हाही मिक जॅगर स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता आणि मागे एकसष्ट वर्षांचा चार्ली, बँकेत हिशेब लिहायला बसल्यासारखा वाजवत होता.

त्याच्या हातात एक वेगळी खोड होती. डाव्या हाताची स्नेअरवर थाप पडायची, त्या क्षणी उजवा हात झांजेवरून उचलला जायचा. इतर ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात. त्यामुळे चार्लीची थाप मोकळी पडायची आणि ठेक्याला किंचित झोका यायचा. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बहुतेक बँडमध्ये सगळे ड्रमरच्या मागे जातात. स्टोन्समध्ये ड्रमर गिटारवरच्या कीथ रिचर्ड्सच्या मागे जायचा. हे त्यांचाच जुना बास गिटारवादक बिल वायमन यानं सांगून ठेवलंय. कीथ सुरुवात करणार, चार्ली केसभर मागून येणार, बास त्याच्या आजूबाजूला कुठेतरी. सगळं आता कोसळणार असं वाटत असतानाच गाडी रुळावर. स्टोन्सचं संगीत जे थोडं ढिलं, झुलतं वाटतं, त्याचं मर्म हे आहे.

म्हणजे लयीची दोरी कीथच्या हातात होती. बॉनम गेल्यावर झेपेलिनचा पायाच खचला. चार्ली गेल्यावर स्टोन्सची दोरी धरणारा हात जागेवर होता. ते पुढे जाऊ शकले याचं मुख्य कारण मला हे वाटतं. पैसा, सवय, म्हातारपणी घरी बसवत नाही ही खाज, ही कारणं आहेतच. पण ती झेपेलिनलाही लागू होती.

शिवाय चार्लीनं जाताना वाट मोकळी करून ठेवली. ऑगस्ट २०२१ च्या सुरुवातीला जाहीर झालं, की त्याच्यावर उपचार झाले आहेत आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर तो येणार नाही. त्याच्या जागी स्टीव्ह जॉर्डन वाजवेल. तेव्हा तो मरणार आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. जॉर्डन परका नव्हता. ऐंशीच्या दशकापासून कीथबरोबर त्याच्या स्वतंत्र बँडमध्ये वाजवत आलेला. ‘माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाबरोबर काम करायचं झालं तर हा माणूस घे,’ असं चार्लीनंच पूर्वी सुचवलं होतं, असं कीथनं सांगितलंय. घरातल्या मोठ्यानं आपल्या हातानं किल्ल्या द्याव्यात, तसा प्रकार.

जॉर्डननं गाडी चालवली आणि चांगली चालवली. त्याची थाप चार्लीपेक्षा जड. बँड आता अधिक घट्ट, अधिक जोरकस वाजतो. ऐंशीच्या घरातल्या दोन म्हाताऱ्यांना त्याचा आधारही होतो. पण तो झोका? तो कमी झाला. हे माझं मत आहे आणि जॉर्डनचे चाहते माझ्याशी भांडतील. खुशाल भांडोत.

आता खुर्चीचं बघा. जॉर्डन ड्रमवर आला. पण स्टोन्सच्या सदस्यांत त्याचं नाव नाही. सदस्य तीनच: जॅगर, रिचर्ड्स आणि रॉनी वुड. बिल वायमन १९९३ साली बँड सोडून गेला, तेव्हापासूनची ही त्यांची रीत. त्याच्या जागी डॅरिल जोन्स बास गिटार वाजवू लागला, त्यालाही तीस वर्षं झाली. पण तो भागीदार नाही. जागेवर माणूस बसतो, हिस्सा मात्र कुणाला मिळत नाही. यात लबाडी आहे असं म्हणता येईल. एक शहाणपणही आहे. ज्याला भागीदार म्हणायचं त्याच्याकडून गेलेल्या माणसासारखं असण्याची अपेक्षा होते. केनी जोन्सला ‘द हू’नं बरोबरीचा हिस्सा दिला होता, आणि डाल्ट्रीची पोटदुखी त्यामुळे वाढलीच.

चार्लीला स्वतःला हा भेद चांगला कळत होता. १९८४ सालची ॲमस्टरडॅमची गोष्ट कीथनं आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. पहाटे पाचच्या सुमारास, दारूच्या अमलात, जॅगरनं चार्लीच्या खोलीत फोन केला आणि ‘माझा ड्रमर कुठे आहे?’ असं विचारलं. चार्लीनं फोन ठेवला. उठला, दाढी केली, सूट चढवला, टाय बांधला, अत्तर लावलं. वीसेक मिनिटांनी येऊन त्यानं जॅगरला ठोसा लगावला आणि बजावलं, की पुन्हा मला तुझा ड्रमर म्हणायचं नाही. दाढी करून मारायला जाणारा माणूस जगात दुसरा नसेल!

ड्रमर मेला नाही, नुसता दमला, तर? अमेरिकेतल्या ‘आर.ई.एम.’ या बँडवर ती वेळ आली. मार्च १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला कार्यक्रम चालू असताना बिल बेरी या ड्रमरच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. शस्त्रक्रिया झाली, तो वाचला, पुन्हा वाजवूही लागला. ऑक्टोबर १९९७ मध्ये मात्र त्यानं निरोप घेतला आणि शेतीकडे वळला. जाताना त्यानं अट घातली. माझ्या जाण्यानं बँड मोडणार असेल तर मी जात नाही. उरलेल्या तिघांनी शब्द दिला. तीन पायांचं कुत्रं हे कुत्रंच असतं, त्याला फक्त वेगळं धावायला शिकावं लागतं, अशा अर्थाचं त्यांच्या गायकाचं बोलणं तेव्हा खूप गाजलं. त्यांनी बेरीच्या जागी कधीच कुणाला सदस्य केलं नाही. आधी ड्रमचं यंत्र वापरलं, मग पाहुणे ड्रमर बोलावले. २०११ पर्यंत चालले. मोठी गाणी मात्र बहुतेक मागेच राहिली. बेरी नुसता वाजवत नव्हता. ‘एव्हरीबडी हर्ट्स’ या त्यांच्या सर्वांत लाडक्या गाण्याचा बराचसा भाग त्याच्याच डोक्यातून आलेला, आणि मजा म्हणजे त्या गाण्यात ठेका यंत्राचा आहे. ड्रमर गेला म्हणजे हात गेले, असं समजणाऱ्यांनी हे गाणं आठवावं.

कॅनडाच्या ‘रश’ची कथा आणखी वेगळी. तिघांचाच बँड. ड्रमर नील पर्ट १९७४ मध्ये आला आणि बहुतेक गाण्यांचे शब्दही त्यानंच लिहिले. १९९७ साली त्याची तरुण मुलगी मोटार अपघातात गेली, वर्षाच्या आत बायको कर्करोगानं गेली. मी निवृत्त झालो असं समजा, असं त्यानं दोघा सोबत्यांना सांगितलं आणि मोटरसायकल घेऊन हजारो मैल भटकत राहिला. दोघांनी दुसरा ड्रमर शोधला नाही. ते थांबले. २००२ साली तो परतला, नवी रेकॉर्ड निघाली. ऑगस्ट २०१५ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. जानेवारी २०२० मध्ये पर्ट मेंदूच्या कर्करोगानं वारला, तेव्हा ‘रश’ संपला हे सगळ्यांनी धरूनच टाकलं. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या दोघांनी जाहीर केलं, की २०२६ साली आम्ही पुन्हा दौऱ्यावर निघणार, ड्रमवर ॲनिका निलेस ही जर्मन वादक असेल. पर्टच्या मागे राहिलेल्या पत्नीनं आणि मुलीनं या बेताला जाहीर पाठिंबा दिला. मला यात सर्वांत भावला तो काळाचा हिशेब. पाच वर्षांहून अधिक थांबून, घरच्यांना बरोबर घेऊन मग दार उघडलं. आणि चाहत्यांनी फार भांडण केलं नाही, हेही नोंदवायला हवं.

स्टोन्सनी ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘हॅकनी डायमंड्स’ ही रेकॉर्ड काढली आणि ती चार्लीच्या स्मृतीला अर्पण केली. बहुतेक गाण्यांवर जॉर्डन आहे. दोन गाण्यांवर मात्र चार्ली. त्याचं २०१९ मधलं ध्वनिमुद्रण जपून ठेवलेलं होतं. त्यातल्या ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’ या गाण्यासाठी त्यांनी बिल वायमनला बोलावलं, तीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या भावाला एखाद्या कार्याला बोलवावं तसं. शहाऐंशीचा म्हातारा आला आणि वाजवून गेला. दोन्ही ड्रमर एकापाठोपाठ ऐकायचे असतील, तर ही रेकॉर्ड सोयीची आहे.

झेपेलिनचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. बॉनमचा मुलगा जेसन वडिलांसारखाच ड्रमर झाला. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये, त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या दिवंगत संस्थापकाच्या स्मरणार्थ झेपेलिनचे तिघे पुन्हा एकत्र आले आणि ड्रमवर जेसन बसला. यावेळी तालमी नीट झाल्या होत्या. तिकिटांसाठी दोन कोटी अर्ज आल्याचं सांगण्यात आलं. कार्यक्रम उत्तम झाला. इतका, की ड्रमरचा प्रश्न सुटला असं सगळ्यांनाच वाटलं. पेज आणि जोन्स पुढे जायला तयार होते. यावेळी नको म्हणाला तो गायक. प्लँटला दुसरी गाणी गायची होती. २००८ मध्ये जेसनला घेऊन उरलेल्यांनी दुसऱ्या गायकांबरोबर तालमी करून पाहिल्या. काही जमलं नाही. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच तो बेत सोडून दिला.

२०१० पासून जेसननं स्वतःचा बँड जमवून वडिलांची गाणी गावोगाव वाजवायला सुरुवात केली. त्या कार्यक्रमांत पडद्यावर जॉन बॉनम वाजवताना दिसायचा आणि खाली जेसन त्याच्याबरोबर वाजवायचा.